भंडारा जिल्ह्यातील पायाचे उपेक्षित आजार आणि ख्रिस्ती मिशनची वैद्यकीय सेवा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आधुनिक भारतातील वैद्यकाचा इतिहास बहुतांशी साथींच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. पटकी, देवी, प्लेग व हिवताप या रोगांनी माणसे मारली, सैन्य व व्यापार अडविला. म्हणून शासनाने त्यांची नोंद ठेवली आणि ती नोंद इतिहासकारांच्या हाती लागली. ज्या रोगाने माणूस सहसा मरत नाही, परंतु आयुष्यभर लंगडतो, शेतीच्या कामातून उठतो आणि लग्नकार्यात व पंगतीत बाजूला बसविला जातो, त्या रोगाचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. नारू आणि हत्तीपाय हे परोपजीवी जंतांमुळे होणारे दोन आजार या प्रकारात मोडतात. दोन्हींचे दुःख प्रामुख्याने पायावर दिसते. दोन्ही आजार अनवाणी चालणाऱ्या, चिखलात राबणाऱ्या आणि मिळेल ते पाणी पिणाऱ्या माणसांचे होते. महारोग, म्हणजे कुष्ठरोग, हा जंतांमुळे नव्हे तर जीवाणूमुळे होणारा रोग आहे. तथापि पायावरील न भरणाऱ्या जखमांमुळे त्याचा रुग्णही दवाखान्याच्या त्याच बाकावर येऊन बसत असे. म्हणून या विवेचनात त्याचाही संदर्भ येणे अपरिहार्य आहे.

प्रस्तुत निबंधात भंडारा जिल्हा व त्याच्या भोवतालचा नागपूर प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून या आजारांच्या संदर्भातील ख्रिस्ती मिशनच्या वैद्यकीय कार्याचा विचार केला आहे. मिशनच्या कार्याचे मूल्यमापन आजवर प्रामुख्याने दोन टोकांवरून झाले. एका बाजूने ते निखळ भूतदयेचे कार्य मानले गेले, तर दुसऱ्या बाजूने धर्मांतराचे साधन ठरविले गेले. या दोन्ही भूमिकांत एक प्रश्न मागे राहतो. ज्या काळात या आजारांवर रोग समूळ नाहीसा करणारे औषधच उपलब्ध नव्हते, त्या काळात दवाखान्याने रुग्णाला नेमके काय दिले? आणि पुढे औषध उपलब्ध झाल्यावर त्या देण्याचे काय झाले? या प्रश्नांचे उत्तर शोधताना रोगावरील उपचार व रुग्णाची शुश्रूषा यांतील अंतर हाच या इतिहासाचा मध्यवर्ती धागा असल्याचे दिसून येते.

तळ्यांचा मुलूख आणि अनवाणी पाय

भंडारा जिल्हा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील भाताचा प्रदेश होय. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कालखंडाबद्दल लिहिताना हे दोन्ही जिल्हे एकत्रच धरावे लागतात. या झाडीपट्टीची ओळख तिच्या तलावांमुळे आहे. कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या काळापासून येथे मोठमोठे तलाव बांधले. नवेगाव बांध हे त्यांतील सर्वांत परिचित उदाहरण. मालगुजारी पद्धतीत हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले व ती पद्धत संपल्यावर माजी मालगुजारी तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. मोठ्या तलावांखेरीज गावोगावच्या लहान बोड्या वेगळ्याच. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेल्या १९०८ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये या सिंचनव्यवस्थेला महत्त्वाचे स्थान आहे, ते योग्यच म्हटले पाहिजे.

या पाण्याने भात दिला. पण पाण्याशी असलेल्या सततच्या संबंधाने पायाची परीक्षाही पाहिली. रोवणीच्या दिवसांत बायामाणसे सकाळपासून सायंकाळपर्यंत बांधीतल्या चिखलात उभी राहतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात, काट्याकुट्याने जखमा होतात. निरोगी पायाला हा तात्पुरता त्रास असतो. ज्या पायातील रसवाहिन्या आधीच निकामी झालेल्या असतात त्या पायाला मात्र याच भेगा व चिखल्या नव्या संसर्गाचे द्वार ठरतात. ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, आठवडाभर अंथरूण धरावे लागते. आणि प्रत्येक अशा दुखण्यानंतर सूज थोडी अधिक वाढून कायम होते.

प्राचीन भारतीय वैद्यकाला या विकाराचा परिचय होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात श्लीपदाचे वर्णन आढळते, आणि जेथे जुने पाणी साचून राहते व सर्व ऋतूंत थंडावा असतो अशा प्रदेशात तो विशेषत्वाने होतो, असे निरीक्षणही तेथे नोंदविलेले आहे. साचलेले पाणी व सुजलेला पाय यांच्यातील संबंध अशा रीतीने फार पूर्वीच लक्षात आला होता. त्या दोहोंमधला दुवा, म्हणजे डास, तेवढा अज्ञात होता. येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स जातीचा डास मुख्यतः गटारे, सांडपाण्याचे खड्डे व घाण डबकी यांत वाढतो. त्यामुळे या रोगाचा दोष सरसकट तलावांवर टाकणे योग्य नव्हे. वस्तीतील सांडपाण्याची दुरवस्था हे त्याचे खरे कारण होय.

नारूची गोष्ट वेगळी आहे. सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवाच्या शरीरातील नारूच्या अळ्या पिण्याच्या पाण्यावाटे पोटात जातात. सुमारे वर्षभराने मादी जंत बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर पडू लागतो. त्याची लांबी सुमारे ६० ते १०० सेंटिमीटर असते. असह्य जळजळ शमविण्यासाठी रुग्ण पाय पाण्यात बुडवितो आणि त्याच वेळी जंत हजारो अळ्या पाण्यात सोडतो. ज्या विहिरीत पायऱ्यांनी उतरून पाणी भरावे लागते ती नारूच्या प्रसाराची सर्वांत सोयीची जागा. जंत काडीवर गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर काढणे हाच परंपरागत उपाय होता. ओढताना जंत तुटला तर पाय सुजून पिकत असे व रुग्ण महिनोन्‌महिने कामाला मुकत असे. हे दुखणे ऐन शेतीच्या हंगामात आले तर त्या वर्षीचे पीकच हातचे जाई.

एकोणिसाव्या शतकातील वैद्यकज्ञान

या आजारांचे आधुनिक ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आले. १८६६ मध्ये ब्राझीलमध्ये वुखरर यांना रुग्णाच्या मूत्रात सूक्ष्म जंत आढळले. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी तेच जंत मानवी रक्तात पाहिले. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात बँक्रॉफ्ट यांना पूर्ण वाढ झालेला जंत सापडला, आणि १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरांनी या जंताची वाढ डासाच्या शरीरात होते हे दाखवून दिले. मॅन्सन चिनी जकात खात्याच्या सेवेत होते. तेथील मिशनरी रुग्णालयातही ते काम करीत. हत्तीपायाचे असंख्य रुग्ण पाहिल्यामुळेच त्यांच्या मनात या प्रश्नाने घर केले. कीटकाद्वारे होणाऱ्या रोगप्रसाराच्या अभ्यासाची ही सुरुवात होती, आणि पुढे रोनाल्ड रॉस यांच्या हिवतापावरील संशोधनाला मॅन्सन यांचेच मार्गदर्शन लाभले.

नारूच्या बाबतीत रशियन शास्त्रज्ञ फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात सायक्लॉप्सची भूमिका ओळखली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत डॉ. तुरखुड यांनी केलेल्या प्रयोगांनी मानवी संसर्गाचा हा मार्ग पक्का झाला.

तथापि हे ज्ञान व उपचार यांच्यात मोठे अंतर होते. हत्तीरोगाच्या जंतावर परिणामकारक ठरलेले डायइथिलकार्बामाझिन हे औषध १९४७ मध्ये पुढे आले. नारूवर तर आजतागायत औषध नाही व लसही नाही. म्हणजेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, शहरातील सरकारी रुग्णालय असो वा तालुक्याच्या गावचा मिशन दवाखाना, या रुग्णांना 'बरे' करण्याचे साधन कोणाच्याही हाती नव्हते. मिशनच्या वैद्यकीय कार्याचा विचार या वस्तुस्थितीपासूनच सुरू करावा लागतो.

स्कॉटिश मिशन : नागपूर ते भंडारा

स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८४३ साली फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले. त्या चर्चच्या वतीने स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूर प्रदेशात आले. कामठीच्या छावणीतील एका लष्करी अधिकाऱ्याच्या देणगीतून या मिशनचा पाया घातला गेला. त्या वेळी नागपूरवर भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निधन पावले व त्यानंतर राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती होऊन भंडारा हा त्यातील एक जिल्हा बनला. हिस्लॉप हे धर्मोपदेशक असले तरी भूगर्भशास्त्र व आदिवासी समाजांचा अभ्यास यांत त्यांनी मोलाची भर घातली. १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये उभे राहिले.

या मिशनचे आरंभीचे कार्य शिक्षणप्रधान होते. वैद्यकीय कार्याला जोर आला तो शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. याच काळात नागपुरात स्त्रियांसाठी म्यूर मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. भंडारा येथेही मिशनचे केंद्र उघडले गेले. १९०० मध्ये फ्री चर्च व युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च एकत्र येऊन युनायटेड फ्री चर्च अस्तित्वात आले. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये भंडारा शहराची माहिती देताना मिशनच्या शाळेबरोबरच मिशनच्या दवाखान्याचाही उल्लेख आढळतो. १९२९ मध्ये हे चर्च पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथेच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा हा सर्व वारसा भारतीय चर्चकडे आला.

या विस्ताराचा काळही लक्षात घेण्यासारखा आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांत पोळून निघाला होता. १८९१ ते १९०१ या दशकात भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. अशा उपासमारीच्या काळात जुनाट आजाराचा माणूस कुटुंबाला सर्वांत आधी भार वाटू लागतो. ज्याला चालून मजुरीच्या कामावर जाता येत नाही, त्याला दुष्काळी कामाचा आधारही मिळत नाही. मिशनच्या दारात येणारा रुग्ण हा केवळ आजारी नव्हता; तो कामाच्या व्यवस्थेबाहेर फेकला गेलेला माणूस होता.

दवाखान्यातील काम : धुणे, बांधणे, पुन्हा धुणे

एडिंबरो मेडिकल मिशनरी सोसायटीची स्थापना १८४१ ची. स्कॉटलंडमधून येणाऱ्या मिशनरी डॉक्टरांच्या शिक्षणामागे ग्लासगो व एडिंबरो येथील वैद्यकाची परंपरा होती. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ ते १८६७ या काळात ग्लासगो येथे कार्बोलिक ॲसिडच्या साहाय्याने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत रूढ केली व नंतर काही वर्षे एडिंबरो येथे अध्यापन केले. त्यामुळे या पिढीच्या डॉक्टरांजवळ जंत मारणारे औषध नसले तरी जखम कुजू न देण्याचे शास्त्र होते. पायाच्या आजारात या शास्त्राचे मोल फार मोठे होते. नारूचा जंत बाहेर येत असताना जखम स्वच्छ ठेवणे, हत्तीपायाच्या घड्यांत साचलेला मळ व स्राव धुऊन काढणे, महारोग्याच्या तळव्यावरील व्रण बांधणे, ही कामे वरवर क्षुल्लक वाटतात. परंतु माणूस अंथरुणाला खिळतो की काठीच्या आधाराने का होईना उभा राहतो, हे त्यांवरच ठरते.

मिशनच्या वैद्यकीय कार्याची सर्वसाधारण रीत ठरलेली असे. सकाळी दवाखाना उघडताना जमलेल्या रुग्णांपुढे प्रार्थना व बायबलचे वाचन होई, त्यानंतर तपासणी. हिवाळ्यात तंबू घेऊन खेड्यापाड्यांतून फेरी निघे. डॉक्टर एक, रुग्ण अनेक, त्यामुळे रोजची मलमपट्टी प्रत्यक्षात करणारे हात मुख्यतः देशी ख्रिस्ती सेवकांचे होते. कंपाउंडर, परिचारिका, घरोघरी जाणाऱ्या बायबलबाया यांची नावे अहवालांत अभावानेच येतात. यांतील अनेकजण स्वतः दुष्काळात पोरके झालेले किंवा समाजाच्या तळच्या थरांतून आलेले होते. मिशनचा इतिहास परदेशी धर्मोपदेशकांच्या चरित्रांतून वाचला तर हा वर्ग दृष्टीआड होतो. पायाच्या आजाराच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र तोच या इतिहासाच्या केंद्रस्थानी येतो, कारण व्रण धुण्याचे काम एकदा करून संपत नाही. ते रोज कोणीतरी करावे लागते.

या कामाचा एक सामाजिक अर्थही होता. भारतीय परंपरेत पाय धुणे हा आदराचा विधी आहे. परंतु तो आदर खालून वर जातो. शिष्य गुरूचे पाय धुतो, यजमान अतिथीचे, वधूपिता वराचे. खालच्या मानलेल्या जातीतील, त्यातही रोगाने विद्रूप झालेल्या माणसाचे पाय वरच्या स्थानावरील व्यक्तीने हातात घेणे ही गोष्ट या क्रमाला उलटी होती. ख्रिस्ती परंपरेत योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची कथा आहे. प्रेस्बिटेरियन पंथात त्याचा वेगळा विधी नसला तरी ती कथा प्रत्येक सेवकाला ठाऊक होती. येथे स्पर्श हाच उपचाराचा भाग बनला. अर्थात याचे आदर्शीकरण करणे उचित नाही. मिशनच्या आवारातही साहेब व देशी सेवक यांच्यात वेतनाचे, निवासाचे व अधिकाराचे अंतर होते, आणि व्रण धुणारा हात बहुधा त्या उतरंडीच्या खालच्या पायरीवरचाच होता.

सेवा आणि धर्मप्रसार : वादाची बाजू

मिशनची वैद्यकीय सेवा निरपेक्ष नव्हती. धर्मप्रसार हा मिशनचा घोषित हेतू होता आणि दवाखाना त्याचे एक अंग होता. रुग्ण औषधासाठी ताटकळत असताना त्याला उपदेश ऐकावा लागे, ही बाब त्या काळातही अनेकांना खटकत होती. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये 'हरिजन'मधून या प्रश्नावर स्पष्ट भूमिका घेतली. सेवा करावी, पण तिच्या मोबदल्यात धर्मांतराची अपेक्षा ठेवू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

स्वातंत्र्यानंतर हा वाद शासकीय पातळीवर आला. भंडाऱ्यासह विदर्भाचे जिल्हे त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होते व नागपूर ही राजधानी होती. १९५४ मध्ये या राज्याच्या शासनाने नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश डॉ. एम. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय वा अन्य व्यावसायिक सेवांचा धर्मांतराचे थेट साधन म्हणून होणारा वापर कायद्याने बंद करावा, ही तिची एक महत्त्वाची शिफारस होती. ख्रिस्ती संस्थांनी अहवालाच्या निष्कर्षांना व चौकशीच्या पद्धतीला आक्षेप घेतला. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी राज्य पुनर्रचनेने विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला.

या वादाचे गांभीर्य कमी लेखता येत नाही. असहाय स्थितीतील माणसाचा होकार हा खरोखर होकार असतो काय, हा प्रश्न नैतिकदृष्ट्या खरा आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज संख्येने अत्यल्पच राहिला. दवाखान्यात येऊन गेलेल्या बहुसंख्य रुग्णांनी पट्टी बांधून घेतली आणि ते आपापल्या देवाकडे व आपापल्या गावी परत गेले. धर्मांतराच्या संख्येवरून या कार्याचे यश किंवा दोष मोजणाऱ्या दोन्ही पक्षांच्या हिशेबात हा रुग्ण बसतच नाही.

विदर्भाचा प्रतिसाद

मिशनला विदर्भाने दिलेले सर्वांत प्रभावी उत्तर वादविवादाचे नव्हते. ते सेवेचेच होते. गाडगे महाराजांनी अंध, अपंग व रोगी यांची सेवा हा आपल्या शिकवणुकीचा भाग केला. वर्धा येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात १९३९ नंतर गांधीजी कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्रींची स्वतःच्या हातांनी शुश्रूषा करीत. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन उभे राहिले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोरा येथे महारोगी सेवा समितीची स्थापना केली व १९५१ मध्ये आनंदवन सुरू झाले.

या कार्यात धर्मांतराचा हेतू नव्हता. कुष्ठरोग्याला दयेचा विषय न मानता श्रम करणारा माणूस मानण्याचा आग्रह होता. मिशनच्या पद्धतीवरील ही सर्वांत रचनात्मक टीका म्हणता येईल. त्याच वेळी रुग्णाला स्पर्श करणे, व्रण नित्य धुणे, त्याच्या सहवासात राहणे ही मिशनने रूढ केलेली शिस्त या संस्थांनी नाकारली नाही. ती आपलीशी केली. कुष्ठसेवेत मिशनरी व स्वदेशी प्रवाह पुढेही समांतर चालत राहिले. अचलपूरजवळील कोठारा येथील मिशनचे कुष्ठरुग्णालय हे त्याचे विदर्भातील उदाहरण. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतर केलेल्या अभ्यासाने पायाच्या इतिहासाला नवे वळण दिले. कुष्ठरोग्याच्या तळव्यावरील व्रण हे रोगाने मांस कुजून होत नसून बधिर पायाला नकळत होणाऱ्या इजांमुळे होतात, हे त्यांनी दाखविले. साहजिकच योग्य चप्पल व रोजची पाहणी यांना औषधाइतकेच महत्त्व आले.

हत्तीपायाच्या रुग्णाला मात्र असे आनंदवन लाभले नाही. त्याला गावाबाहेर काढले जात नव्हते, म्हणून त्याच्यासाठी वेगळी वसाहत उभारण्याचा प्रश्न आला नाही. तो घरातच राहिला, ओटीवर पाय झाकून बसला आणि दिसेनासा झाला.

शासकीय कार्यक्रम : जंत गेला, पाय राहिला

स्वातंत्र्योत्तर काळात या आजारांची जबाबदारी शासनाने घेतली आणि मिशनच्या लहान दवाखान्यांच्या आवाक्यात कधीच नसलेले काम तिने केले. नारूचे उदाहरण यात सर्वांत उजळ आहे. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण आढळत होते. पायऱ्यांच्या विहिरी बंद वा दुरुस्त करणे, हातपंप बसविणे, पाणी कापडाने गाळणे, सायक्लॉप्सनाशक औषध टाकणे असे उपाय योजण्यात आले. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला व फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त घोषित केले. या यशात एक गोष्ट लक्षणीय आहे. रुग्णाची जखम धुऊन बांधणे व ती भरेपर्यंत त्याला पाण्यात उतरू न देणे हा कार्यक्रमाचाच भाग होता. रुग्णाची शुश्रूषा आणि रोगाचा प्रतिबंध येथे एकाच कृतीत साधले गेले.

हत्तीरोगाच्या बाबतीत हे दोन्ही वेगळे झाले. १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. जंताची पिले रात्री रक्तात फिरतात, म्हणून रात्री रक्तनमुने घेणे, जंतुधारकांना बारा दिवस गोळ्या देणे व डासअळ्यांचा नाश करणे हे त्याचे स्वरूप होते आणि त्याचा भर प्रामुख्याने शहरी भागावर राहिला. २००४ पासून रोगप्रवण जिल्ह्यांत सर्व पात्र व्यक्तींना वर्षातून एकदा औषध देण्याची सामुदायिक औषधोपचार मोहीम देशव्यापी झाली. पूर्व विदर्भातील नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तिच्या कक्षेत आले. पुढे तीन औषधांची एकत्रित मात्रा देण्यास आरंभ झाला व २०१९ मध्ये नागपूर जिल्हा ती स्वीकारणाऱ्या देशातील पहिल्या काही जिल्ह्यांपैकी एक ठरला. हत्तीरोगाच्या दुरीकरणासाठी भारताने २०२७ हे वर्ष उद्दिष्ट म्हणून ठरविले.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा मार्ग योग्यच आहे, कारण प्रसार थांबल्याशिवाय पुढची पिढी वाचत नाही. परंतु ही गोळी रक्तातील जंताच्या पिलांवर काम करते. वर्षानुवर्षे सुजलेला पाय तिने पूर्ववत होत नाही. ज्याच्या दारात गोळी पोहोचली त्या जुन्या रुग्णाच्या दृष्टीने मोहीम त्याच्या पायाला स्पर्श न करताच पुढे गेली. १९९० च्या दशकात ब्राझीलमधील रेसिफे येथे डॉ. जेरुझा द्रेयर यांनी या रुग्णांचा अभ्यास केला. वारंवार येणारी तापाची दुखणी बहुतांशी जंतामुळे नसून बोटांच्या बेचक्यांतून शिरणाऱ्या जीवाणूंमुळे असतात. साबण व स्वच्छ पाण्याने पाय रोज धुणे, कोरडा करणे, चिखल्यांवर मलम लावणे, पाय उंच ठेवणे व व्यायाम करणे एवढ्याने ती दुखणी लक्षणीय प्रमाणात कमी होतात, असे त्यांच्या कार्यातून स्पष्ट झाले. २००० मध्ये सुरू झालेल्या जागतिक कार्यक्रमाने प्रसार थांबविण्याच्या जोडीला रुग्णांचे क्लेश कमी करणे हे दुसरे उद्दिष्ट स्वीकारले. भारतातील कार्यक्रमातही रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल व मलम असा संच देण्याची पद्धत आली. मिशनच्या दवाखान्यात जे काम दुसरा उपाय नाही म्हणून केले जात होते, ते आता शास्त्राने उपाय म्हणून मान्य केले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नारू व हत्तीपाय या आजारांवर जंतनाशक उपचार उपलब्ध नसल्याने मिशनच्या वैद्यकीय कार्याचे मोजमाप बरे झालेल्या रुग्णांच्या संख्येवरून करणे अनैतिहासिक ठरते. जखमेची स्वच्छता, नियमितता व स्पर्श हे त्या कार्याचे खरे योगदान होते.

२) हे कार्य धर्मप्रसाराच्या हेतूपासून अलग नव्हते आणि त्यावर गांधीजींपासून नियोगी समितीपर्यंत झालेली टीका निराधार म्हणता येत नाही. मात्र ती टीका मान्य करूनही रुग्णाला मिळालेल्या सेवेचे मूल्य शून्य होत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

३) या सेवेचा रोजचा भार देशी ख्रिस्ती कंपाउंडर, परिचारिका व बायबलबाया यांनी वाहिला. स्थानिक इतिहासलेखनात या वर्गाला स्वतंत्र स्थान मिळणे आवश्यक आहे. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या परिसरातील जुन्या कुटुंबांच्या आठवणी व चर्चची दप्तरे ही त्या दृष्टीने महत्त्वाची साधने ठरतील.

४) विदर्भातील स्वदेशी संस्थांनी मिशनचा हेतू नाकारला, पण तिची सेवेची शिस्त स्वीकारून तिला श्रमप्रतिष्ठेची जोड दिली. हा स्वीकार-नकार विदर्भाच्या सामाजिक इतिहासातील एक परिपक्व टप्पा होय.

५) शासकीय कार्यक्रमांपैकी नारू निर्मूलनात शुश्रूषा व प्रतिबंध एकत्र आले आणि ते यशस्वी झाले. हत्तीरोगात ते दीर्घकाळ वेगळे राहिले व त्याची किंमत जुन्या रुग्णांनी मोजली.

रोगाचे दुरीकरण एखाद्या वर्षी घोषित होऊ शकते; ज्याचा पाय आधीच सुजलेला आहे त्याच्यासाठी मात्र ती तारीख पुरेशी नसते. घोषणेनंतरही त्याला रोज पाय धुवावा लागेल, पावसाळ्यात चिखल्या सांभाळाव्या लागतील आणि कधी तापाने पडून राहावे लागेल. त्याच्या घरी जाऊन पाय धुण्याची रीत शिकविणारी आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेवक हेच या इतिहासातील अनामिक सेवकांचे आजचे वारस आहेत. शासनाने त्यांच्या या कामाला मोहिमेनंतर उरलेले काम न समजता कार्यक्रमाचा कायम भाग मानावा, हीच भंडारा जिल्ह्याच्या या इतिहासाची शिकवण होय.